पाहुण्याची किल्ली

मोठ्या हॉटेलात जाण्याचा योग आपल्यापैकी फार थोड्यांना येतो. एखाद्या लग्नाच्या निमित्ताने किंवा कुणाला भेटायला म्हणून गेलाच, तर एक गोष्ट जरूर पाहा. आत शिरल्यावर जिथे खोल्यांची नोंद होते, त्या लांबलचक टेबलापासून जरा बाजूला दुसरे एक छोटे टेबल असते. त्यामागे उभ्या असलेल्या माणसाच्या कोटाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी बिल्ले दिसतील. प्रत्येक बिल्ल्यावर दोन किल्ल्या, फुलीसारख्या एकमेकींवर ठेवलेल्या. त्या दिसल्या की समजावे, हा माणूस साधा कारकून नव्हे. त्याला कॉन्सिएर्ज म्हणतात.

या शब्दाला मराठीत चपखल प्रतिशब्द नाही. पाहुण्याला लागेल ते मिळवून देणारा, वाट दाखवणारा, अडचणीत धावून येणारा माणूस, असे फार तर म्हणता येईल. नाटकाची तिकिटे संपलेली असताना दोन तिकिटे मिळवणे, रात्री दोन वाजता डॉक्टर बोलावणे, विमानतळावर हरवलेल्या बॅगेचा माग काढणे, परक्या शहरात नमाजाला किंवा देवदर्शनाला कुठे जावे ते सांगणे, ही सगळी त्याची कामे. त्यांचा एक नियम सांगितला जातो. पाहुणा मागेल ते करावे, फक्त ते कायद्यात आणि नीतीत बसणारे असावे.

या लोकांची एक संघटना आहे. १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसमधील अकरा कॉन्सिएर्ज एकत्र आले आणि त्यांनी ती स्थापन केली. फर्डिनांड जिले हे त्यांचे म्होरके. तोच महिना, ज्या महिन्यात अमेरिकेतला शेअर बाजार कोसळला आणि जगभर मंदीचे दिवस सुरू झाले. एका हॉटेलातल्या माणसाचे दुसऱ्या हॉटेलातल्या माणसाशी खरे तर वाकडे असायचे. गिऱ्हाईक एकच आणि दुकाने दोन. पण यांनी ठरवले, आपण एकमेकांना मदत करू. माझ्याकडे उतरलेल्या पाहुण्याचे काम तुझ्या ओळखीने होत असेल तर तू कर, उद्या तुझ्या पाहुण्यासाठी मी करीन. मैत्रीतून सेवा, असे त्यांचे ब्रीद आहे. १९५२ मध्ये कान शहरात युरोपातल्या अनेक देशांच्या प्रतिनिधींची परिषद झाली आणि संघटना फ्रान्सच्या सीमेबाहेर गेली. पुढे ती जगभर पसरली. फ्रेंच भाषेत तिचे नाव ‘ले क्ले दॉर’, म्हणजे सोन्याच्या किल्ल्या. आज देशोदेशी तिच्या राष्ट्रीय शाखा आहेत आणि भारतातही आहे. हे बिल्ले बाजारात विकत मिळत नाहीत. वर्षानुवर्षे पाहुण्यांसमोर उभे राहून काम केलेले असावे लागते, आणि जुन्या सभासदांनी हा माणूस भरवशाचा आहे अशी ग्वाही द्यावी लागते.

आता तुम्ही म्हणाल, नगर जिल्ह्यातल्या एका कवीला या सोनेरी किल्ल्यांशी काय देणेघेणे? मी ना हॉटेलवाला, ना पंचतारांकित हॉटेलांचा गिऱ्हाईक. पण कवीचा व्यवहार शब्दांशी असतो, आणि या एका शब्दाच्या मागे लागलो तेव्हा तो मला थेट नगरच्या भुईकोट किल्ल्यापर्यंत घेऊन आला.

पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठी एक जुनी इमारत आहे. तिचे नाव कॉन्सिएर्जरी. मुळात तो राजवाड्याचा भाग. चौदाव्या शतकात फ्रान्सच्या राजांनी तिथला मुक्काम हलवला आणि वाड्याची देखरेख एका अधिकाऱ्याकडे सोपवली. तो अधिकारी म्हणजे कॉन्सिएर्ज. वाड्याच्या किल्ल्या त्याच्या हाती. पुढे त्याच वाड्याचा तुरुंग झाला. फ्रेंच राज्यक्रांतीत राणी मारी आंत्वानेतला १७९३ मध्ये इथेच ठेवले होते, आणि इथूनच तिला वधस्तंभाकडे नेले. म्हणजे पाहा, ज्या शब्दातून आज आदरातिथ्य ध्वनित होते, त्याच शब्दाच्या पोटात तुरुंगही आहे. किल्ली ही वस्तूच अशी आहे. तिने दार उघडता येते, तसेच बंदही करता येते.

आपल्या भाषेकडे पाहिले तर आणखी गंमत दिसते. कुलूप हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला, आणि चावी आली पोर्तुगिजांकडून. कुलूप एका पाहुण्याने आणले, चावी दुसऱ्याने. मेजवानी फारसी. सराई फारसी. मुसाफिर अरबी, हमाल अरबी. आणि ज्याच्याशिवाय मराठी माणसाचा पत्ता पुरा होत नाही तो ‘मु. पो.’ मधला मुक्काम, तोही अरबीच. आपण आपल्या घराच्या पत्त्याची सुरुवातच एका पाहुण्या शब्दाने करतो, आणि तो पाहुणा आहे हे आपल्या ध्यानीमनीही नसते. पाहुणा इतका घरचा व्हावा, याहून मोठे आदरातिथ्य कोणते?

या मुलुखात परका माणूस आला तर त्याचे काय होत असे, याची एक जुनी हकिगत सांगतो. १४७० च्या आगेमागे अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी होर्मुझहून समुद्रमार्गे चौलला उतरला. सोबत एक घोडा होता. आपल्याकडे घोड्याला चांगली किंमत येते असे त्याने ऐकले होते. घाट चढून तो जुन्नरला आला आणि पावसाळाभर तिथे अडकला. जुन्नर आज पुणे जिल्ह्यात आहे, पण आपल्या अकोले-संगमनेरला लागूनच. त्याने आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले आहे की या देशात परके लोक सराईत उतरतात आणि तिथल्या बायका त्यांच्यासाठी रांधतात. मराठी मुलखातल्या खानावळीची इतकी जुनी साक्ष एका रशियन माणसाच्या वहीत आहे.

पण पुढे संकट आले. जुन्नरच्या असदखान नावाच्या सुभेदाराने त्याचा घोडा काढून घेतला आणि त्याला बजावले, धर्म बदल, नाहीतर घोडाही गेला आणि वर हजार मोहरांचा दंड. मुदत चार दिवसांची. परका माणूस, ओळख कुणाची नाही. तेवढ्यात खोजा महंमद नावाचा एक खुरासानी गृहस्थ तिथे आला. निकितिनने त्याच्याकडे गाऱ्हाणे मांडले. तो स्वतः घोड्यावर बसून खानाकडे गेला, रदबदली केली, धर्मांतराचा हुकूम मागे घ्यायला लावला आणि घोडाही परत आणून दिला. एका मुसलमान सुभेदाराने छळले आणि दुसऱ्या मुसलमान प्रवाशाने सोडवले. इतिहास वाचताना आपण पहिल्याचे नाव लक्षात ठेवतो आणि दुसऱ्याचे विसरतो. माझ्या लेखी हा खोजा महंमद आपल्या भागातला पहिला कॉन्सिएर्ज. त्याच्या अंगरख्यावर किल्ल्यांचा बिल्ला नव्हता इतकेच.

याच जुन्नरचा कारभार पुढे मलिक अहमदकडे आला. त्याने निजामशाही स्थापन केली आणि १४९० मध्ये भिंगारजवळ नवे शहर वसवायला घेतले. तेच आपले नगर. हे शहर बाहेरून आलेल्या माणसांनी गजबजलेले होते. इराणहून शाह ताहिर आले आणि दरबारात मानाला चढले. विजापूरची प्रसिद्ध मुलुखमैदान तोफ इथे नगरला ओतली गेली, १५४९ मध्ये, आणि ती ओतणारा रूमीखान तुर्की मुलखाकडचा. गोव्याचा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता बुऱ्हाण निजामशहाच्या उपचारांसाठी इथे येत असे. इतिहासकार फिरिश्ता विजापूरला जाण्याआधी इथल्याच दरबारात होता. आणि मलिक अंबर तर गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी. त्याने बुडत्या निजामशाहीला पाव शतक तारून धरले. पाहुणे आले, राहिले आणि इथल्या मातीत मिसळून गेले. गावात मैलोगणती दुरून खापरी नळांनी पाणी आणलेले होते. ज्या गावाला पाहुणे बोलवायचे असतात, ते आधी पाण्याची सोय करते.

२०२४ मध्ये शहराचे आणि जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. त्यावर पुष्कळ बोलले गेले, मी भर घालत नाही. पण आजच्या विषयापुरते सांगितलेच पाहिजे की ज्यांचे नाव दिले, त्या अहिल्याबाई होळकर म्हणजे अठराव्या शतकातल्या हिंदुस्थानी वाटसरूंच्या सगळ्यांत मोठ्या यजमानीण. जन्म १७२५ चा, आपल्याच जामखेड तालुक्यातल्या चौंडी गावचा. १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी महेश्वरहून कारभार केला. काशीचे विश्वनाथ मंदिर, गयेचे विष्णुपद मंदिर, सोमनाथ, ही नावे आपण ऐकतो. पण मला अधिक मोलाच्या वाटतात त्या त्यांच्या धर्मशाळा, विहिरी, बारवा, घाट, अन्नछत्रे आणि वाटेवरच्या पाणपोया. यांतल्या कितीतरी त्यांच्या राज्याच्या हद्दीबाहेर होत्या. तिथे ना त्यांना सारा मिळत होता, ना सैन्य. आणि खर्च होई तो मुख्यतः होळकर घराण्याच्या खासगीतून, म्हणजे राण्यांच्या हक्काच्या उत्पन्नातून.

धर्मशाळा ही काय चीज होती हे आजच्या पिढीला सांगावे लागते. चार भिंती, ओसरी, विहीर आणि एक चूल. भाडे नाही. वाटसरूने संध्याकाळी यावे, आपले आपण रांधावे, सकाळी जागा झाडून पुढे जावे. आज आपण ‘सुविधा’ म्हणतो, त्यांतली एकही तिथे नव्हती. पण उन्हातान्हात पायी चालणाऱ्या माणसाला सावली आणि पाणी आधी लागते, बाकीचे नंतर.

धर्मशाळेकडून आपण शिर्डीला जाऊ. साईबाबा एका पडक्या मशिदीत राहिले आणि तिलाच त्यांनी द्वारकामाई म्हटले. तिथे ते स्वतः हंडी चढवत. बाजारात जाऊन जिन्नस आणत, मसाला स्वतः वाटत, कधी गोडा भात, कधी पुलाव. ज्याला जे चालते त्याने ते खावे, कुणावर सक्ती नाही. गोविंदराव दाभोलकरांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’त हे वर्णन तपशिलाने आले आहे. पाहुण्याच्या ताटात काय वाढायचे नाही, हे कळणे ही पाहुणचारातली पहिली पायरी, आणि ती या फकिराला पक्की ठाऊक होती.

शिर्डीचा लौकिक वाढला तशी माणसे दुरून येऊ लागली. रेल्वेने कोपरगावपर्यंत, तिथून टांग्याने. उतरायचे कुठे? गावात सोय नव्हती. १९०८ मध्ये हरी विनायक साठे यांनी बाहेरून येणाऱ्यांसाठी वाडा बांधला. ते सरकारी अधिकारी होते. १९१०-११ च्या सुमारास मुंबईचे सॉलिसिटर हरी सीताराम दीक्षित यांनी दुसरा वाडा उभा केला. नागपूरच्या बुट्टींचा वाडा बांधून होत असतानाच १९१८ च्या दसऱ्याला बाबांनी देह ठेवला, आणि तो वाडाच समाधिमंदिर झाला. त्याआधी १८९७ मध्ये कोपरगावच्या गोपाळराव गुंडांच्या पुढाकाराने उरूस सुरू झाला होता, आणि १९१२ पासून त्याच दिवशी रामनवमीचा उत्सवही होऊ लागला. एका बाजूने संदलची मिरवणूक, दुसऱ्या बाजूने निशाणांची. उत्सवात बाहेरची व्यवस्था तात्या कोते पाटील पाहत आणि आतली राधाकृष्णामाई. त्या दिवसांत माईंचे घर पाहुण्यांनी भरून जाई. सारवणे, झाडणे, रांधणे, सगळे त्यांच्याकडे.

पण शिर्डीतला खरा कॉन्सिएर्ज मला वाटतो तो माधवराव देशपांडे, म्हणजे शामा. हे शाळेत मास्तर होते. शाळा मशिदीला लागूनच, मधल्या खिडकीतून मशिदीत काय चालले आहे ते दिसे. नवखा माणूस आला की बिचकायचा. बाबांचा स्वभाव कधी मऊ, कधी कडक. अशा वेळी लोक शामाला गाठत. कुणाचे गाऱ्हाणे बाबांच्या कानी घालायचे, केव्हा बोलायचे, केव्हा गप्प राहायचे, हे शामाला नेमके समजायचे. मोठ्या माणसाकडे जाण्याची वाट दाखवणारा असा एखादा तरी माणूस प्रत्येक दरबारात असतो. त्याने वाट दाखवण्याचे पैसे घेतले नाहीत, तर तो शामा होतो.

आणि घेतले तर? शिर्डीला जाणाऱ्या भाविकाने याचाही अनुभव घेतलेला असतो. गाडीतून पाय खाली टेकवायच्या आत चार जण भोवती जमतात. खोली हवी का, लवकर दर्शन हवे का, फुले-प्रसादाचे ताट हवे का. त्यांना तिथे पॉलिशवाले म्हणतात. पोलीस आणि संस्थान त्यांच्यावर अधूनमधून कारवाई करतात. सगळेच वाईट नसतात, पोटासाठी धावणारी गावाकडची पोरे असतात. पण पाहुण्याला जे कळते ते असे की हा माणूस माझ्यासाठी आलेला नाही, माझ्या खिशासाठी आला आहे. आता शिर्डीला रेल्वे आली, २०१७ मध्ये काकडीला विमानतळ झाला, हजारो माणसे एका वेळी जेवतील असे सौर ऊर्जेवर चालणारे प्रसादालय आहे. सोयी वाढल्या की विश्वासाची गरज कमी होते असे नाही. उलट ती वाढते. पॅरिसच्या त्या अकरा जणांनी बिल्ला काढला तो याचसाठी. परक्या गावात उतरलेल्या माणसाला दुरूनच ओळखता यावे की याच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

शिर्डीची अजून एक रीत मला फार आवडते. बाबांचा निरोप घेतल्याशिवाय गाव सोडायचे नाही, असा भक्तांचा दंडक होता. हॉटेलात त्याला ‘चेक-आउट’ म्हणतात आणि तिथे बिल पुढे येते. आपल्याकडे घरातून निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. पाहुण्याने निघतानाच परत येण्याचा शब्द द्यायचा, ही मराठीने घालून दिलेली रीत.

नगरहून दौंडच्या रस्त्याला लागले की अरणगावजवळ मेहेराबाद लागते. अवतार मेहेरबाबांची समाधी तिथे आहे. इराणी पारशी घराण्यात पुण्याला जन्मलेल्या या पुरुषाने १० जुलै १९२५ पासून जे मौन धरले ते १९६९ साली देह ठेवेपर्यंत सोडले नाही. आधी अक्षरांच्या पाटीवर बोट फिरवून आणि पुढे हाताच्या खुणांनी ते बोलत. आजही जगभरातून माणसे तिथे येतात. आमच्या नगरच्या रिक्षावाल्यांना त्यामुळे अनेक देशांची माणसे परिचयाची आहेत. स्टेशनवर एखादा गोरा माणूस पाठीवर पिशवी घेऊन उतरला की रिक्षावाला पत्ता विचारत नाही. इंग्रजी याला येत नाही, मराठी त्याला येत नाही, आणि तरी रिक्षा बरोबर जागी जाऊन थांबते. मौन धरलेल्या संताच्या दाराशी यापेक्षा जास्त बोलण्याची जरूर तरी काय?

आता किल्ल्याकडे वळू. हुसेन निजामशहाने सोळाव्या शतकात हा भुईकोट दगडात बांधून काढला. चांदबिबीने १५९५-९६ मध्ये मोगलांविरुद्ध तो लढवला. १८०३ मध्ये इंग्रजांनी घेतला, आणि पुढे त्याचा तुरुंग झाला. पॅरिसच्या कॉन्सिएर्जरीचे झाले तसेच. दक्षिण आफ्रिकेतले बोअर कैदी नगरला आले, पहिल्या महायुद्धात जर्मन आले. आणि ९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत पकडलेले काँग्रेस कार्यकारिणीचे नेते आगगाडीने नगरला आणून या किल्ल्यात ठेवले गेले. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, पंत, कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव, असफ अली, सय्यद महमूद असे बारा जण. नेहरूंनी इथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले हे शाळकरी पोरही सांगेल. मौलानांनी इथे जी पत्रे लिहिली ती मात्र मराठी वाचकांना कमी ठाऊक आहेत. ती एका मित्राला उद्देशून आहेत, पण तुरुंगातून ती धाडता येत नव्हती. १९४६ मध्ये ती ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने प्रसिद्ध झाली.

त्यांत पहाटेच्या चहाचे जे वर्णन आहे ते वाचून मला नेहमी वाटते, कैदेतही माणूस आपला पाहुणचार आपणच करू शकतो. पहाटे तीन-चारला उठून मौलाना स्वतः चहा करत. चिनी चहा, बिनदुधाचा. एकटेच बसून घोटाघोटाने पीत. तुरुंगाच्या अधिकाऱ्याला या मंडळींनी चीताखान असे टोपणनाव ठेवले होते, निजामशाहीच्या काळातल्या किल्ल्यावरच्या एका माणसावरून. या चीताखानाने शहरातून मोठ्या खटपटीने एक आचारी मिळवून आणला. आचारी आत आला आणि मग त्याला कळले की आता आपल्यालाही बाहेर जाता येणार नाही, कारण आत कोण आहेत हे त्याने बाहेर जाऊन सांगता कामा नये. बिचारा असा भांबावला की स्वयंपाकाचे तीनतेरा वाजले. मौलाना हे हसत हसत लिहितात. पण मला त्या आचाऱ्याची आठवण राहते. पाहुण्यांसाठी रांधायला आलेला माणूस स्वतःच कैदी होऊन बसला.

एप्रिल १९४३ मध्ये मौलानांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्याला वारल्या. त्या आजारी असल्याच्या तारा येत होत्या तेव्हा तुरुंगाच्या अधीक्षकाने सुचवले, तुम्हाला सरकारला काही लिहायचे असेल तर मी ते ताबडतोब पुढे पाठवतो. मौलानांनी नकार दिला. ज्या सरकारशी लढाई आहे, त्याच्याकडे सवलत मागायची नाही. किल्ली हातात असलेल्या माणसाने आपल्या परीने दार किलकिले केले होते, आणि आतल्या माणसाने ते ओलांडायचे नाकारले. दोघांचेही मला मोठेपण वाटते.

किल्ल्यांविषयी बोलायचे आणि शनिशिंगणापूर वगळायचे, हे नगरच्या माणसाला जमणार नाही. नेवासे तालुक्यातले हे गाव घरांना दारे नसण्यासाठी प्रसिद्ध आहे. चौकट असते, कवाड नसते, कुलूप तर नाहीच. शनिदेव राखण करतो ही श्रद्धा. २०११ मध्ये तिथे बँकेची शाखा निघाली, ती बिनकुलुपाची शाखा म्हणून गाजली. जगात सोन्याच्या किल्ल्यांचा मान, आणि आपल्या जिल्ह्यातल्या एका गावाला किल्लीच नको. पण याच गावात शनीच्या चौथऱ्यावर स्त्रियांना जाता येत नव्हते. उच्च न्यायालयात प्रकरण गेले आणि एप्रिल २०१६ मध्ये तो मार्ग मोकळा झाला. म्हणजे दार नसले तरी अडवणूक असू शकते. कवाड लाकडाचेच असते असे नाही.

हे मी पुस्तकात वाचून बोलत नाही. माझे एक चाचा नगरमध्ये एसटी स्टँडजवळच्या एका लॉजवर रात्रपाळीला बसत. भिंतीवर खिळ्यांची फळी, प्रत्येक खिळ्यावर किल्ली आणि किल्लीला लाकडाचा ठोकळा, विसरून खिशात जाऊ नये म्हणून. समोर रजिस्टर. नाव, कोठून आला, कोठे जाणार, येण्याचे कारण. चाचांना सगळ्या गाड्यांच्या वेळा पाठ. जामखेडची पहिली गाडी कोणती, रात्री औषधाचे दुकान कुठले उघडे, कोर्टाच्या तारखेला आलेल्या म्हाताऱ्याला स्वस्तात झुणका-भाकर कुठे मिळेल, हे सगळे ते सांगत. वारीहून परतणारा वारकरी असो, जमातचा माणूस असो, की नोकरीच्या मुलाखतीला आलेला पोरगा, पहाटे दार वाजवून उठवायचे काम तेच करत. त्यांना कुणी बिल्ला दिला नाही. ते म्हणत, “रजिस्टरमध्ये नाव लिहायचं ते पोलिसांसाठी. आपण माणसाचा चेहरा बघायचा, दमलेला आहे का तेवढं बघायचं.”

ते वाक्य मला किती वर्षांनी आणि कुठे आठवावे? एका कविसंमेलनासाठी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका गावी गेलो होतो. गावाचे आणि लॉजचे नाव सांगत नाही, त्याची जरूर नाही. रात्रीचे अकरा वाजलेले. व्यवस्थापकाने खोली आहे म्हणून सांगितले, भाडे सांगितले, रजिस्टर पुढे सरकवले. मी नाव लिहिले. त्याने रजिस्टर आपल्याकडे फिरवून वाचले आणि म्हणाला, “अरे, एक बुकिंग विसरलोच होतो. खोली शिल्लक नाही.” फळीवर पाच-सहा किल्ल्या लटकत होत्या. त्याला दिसत होत्या, मलाही दिसत होत्या. मी पिशवी उचलली. बाहेर पडलो तर सामान उचलणारा तिथलाच पोरगा मागून आला. “काका, थांबा,” म्हणाला. आपल्या सायकलीला माझी पिशवी अडकवून तो मला स्टँडपलीकडे एका जुन्या धर्मशाळेत घेऊन गेला. तिथल्या म्हाताऱ्या राखणदाराने नाव विचारले, मी सांगितले. त्याने घोंगडी झटकून दिली आणि विचारले, “जेवलात का?” सकाळी त्या पोराला वीस रुपये देऊ लागलो, तर घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या मालकाचे काय ऐकून घेतले असेल, कुणास ठाऊक.

हे मी रडगाणे म्हणून सांगत नाही. ज्यांची आडनावे ऐकून घरमालकांच्या कपाळाला आठ्या पडतात, अशी माणसे या देशात फक्त माझ्या धर्माची नाहीत. एकट्या बाईला खोली नाकारली जाते, जात विचारून नाकारली जाते, पायातल्या तुटक्या चपला पाहून नाकारली जाते. मी सांगतो ते एवढ्यासाठी की त्या रात्री एकाच लॉजमध्ये दोन माणसे होती. एकाच्या मागे किल्ल्यांची फळी होती. दुसऱ्याकडे फक्त सायकल होती. पाहुणचार कुणी केला?

१९०३ च्या डिसेंबरात मुंबईचे ताजमहाल हॉटेल सुरू झाले. त्याच हॉटेलवर नोव्हेंबर २००८ मध्ये हल्ला झाला, तेव्हा तिथल्या नोकरवर्गाने पाहुण्यांना लपवले, मागच्या वाटांनी बाहेर काढले. त्यांना स्वतःला त्या वाटा तोंडपाठ होत्या, मनात आणते तर ते आधी निसटले असते. पुष्कळ जण मागे थांबले आणि काहींनी प्राण गमावले. त्या रात्री कुणी पाहुण्याचे नाव वाचून त्याला वाचवायचे की नाही हे ठरवले नाही. सोनेरी बिल्ल्याचा खरा अर्थ मला अशा वेळी कळतो. जुन्नरचा खोजा महंमद, शिर्डीचा शामा, धर्मशाळेचा तो राखणदार आणि ताजमधली ती माणसे, हे सगळे एकाच संघटनेचे सभासद आहेत. फक्त त्यांची नावे एका यादीत कुणी लिहिली नाहीत.

आपण सगळेच कुठल्या ना कुठल्या दारावर बसलेले असतो. कुणी सोसायटीचा सचिव असतो, कुणी दवाखान्यात केसपेपर काढणारा, कुणी एसटीच्या चौकशीच्या खिडकीमागे, कुणी शाळेच्या प्रवेशाच्या टेबलाशी. छोटी का होईना, एकेक किल्ली आपल्याकडे असते. आज-उद्या एखादा दमलेला माणूस त्या खिडकीशी येईल. त्याचे नाव रजिस्टरात लिहावे लागेलच, ते लिहून घ्या. पण त्याआधी त्याला बसायला सांगा आणि पाण्याचा तांब्या पुढे करा.

बरे, मंडळी, येतो.